चाळीस अर्धवट रचना आणि साडेतीन लाखांचे कर्ज

पत्राचा गोषवारा : नाशिकमध्ये राहणाऱ्या ३३ वर्षांच्या एक वाचक बँकेत नोकरी करतात. लहानपणापासून दहा वर्षे त्या शास्त्रीय गायन शिकल्या. गेली सहा वर्षे मुलगी झोपल्यानंतर लॅपटॉप, एक छोटा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता कोणता सूर दाबला हे संगणकाला कळवणारी पट्टी) आणि हेडफोन एवढ्या साहित्यावर त्या घरीच इलेक्ट्रॉनिक संगीत करतात, आणि सगळे एकट्याने करतात. आजवर चाळीसेक रचना सुरू झाल्या, पूर्ण एकही झाली नाही. हेडफोनवर भरदार वाटणारी रचना रविवारी खोलीतल्या जुन्या स्पीकरवर लावली की पातळ वाटते, सूरही किंचित चुकल्यासारखे वाटतात, आणि याला आपले स्वस्त साहित्य कारणीभूत आहे अशी त्यांची खात्री झाली आहे. साडेतीन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून ॲनालॉग सिंथेसायझर (विजेच्या मंडलांतून आवाज घडवणारे वाद्य) आणि स्पीकर घ्यावेत, दहा बाय दहाच्या खोलीचा स्टुडिओ करावा आणि वर्षभर बिनपगारी रजा घ्यावी असा त्यांचा विचार आहे. यजमानांचा विरोध नाही, पण ‘एक तरी पूर्ण झाले का?’ हा त्यांचा प्रश्न मनाला लागला आहे. गुरुजींना एक रचना ऐकवली तेव्हा ते म्हणाले, ‘हे यंत्र वाजवते आहे, तू नाहीस.’ त्या विचारतात : कर्ज काढू का? आणि मी करते ते खरोखर संगीत आहे का?

नमस्कार.

कर्जाचे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रावरून अर्ज भरायचाच बाकी आहे असे दिसते. सध्या काढू नका. साडेतीन लाख रुपये १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साडेअकरा हजारांच्या वर जातो, आणि पहिले वर्ष तो बिनपगारी रजेत भरायचा आहे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हा हिशेब मी समजावून सांगावा असे काही नाही. माझी हरकत हप्त्यापुरती नाही. आवाज पातळ, सूर चुकल्यासारखे आणि रचना अर्धवट अशा ज्या तीन तक्रारी तुम्ही लिहिल्या आहेत, त्यांतली एकही या खरेदीने दूर होईल असे मला वाटत नाही.

पातळ आवाजाची तक्रार घ्या. तुमचे टेबल खोलीच्या मध्यावर आहे असे तुम्ही लिहिता, आणि खोली दहा बाय दहा, म्हणजे सुमारे तीन मीटर. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर ज्या स्वराच्या तरंगाची लांबी याच्या दुप्पट, म्हणजे सहा मीटर असते, तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमू लागतो, आणि हिशेब केला तर तो ५७ हर्ट्झच्या आसपास निघतो. इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या किकचा, म्हणजे ढोलासारख्या जड ठोक्याचा, पाया बहुधा याच टापूत असतो. असा घुमणारा स्वर भिंतीपाशी, विशेषतः कोपऱ्यात, गरजेपेक्षा जास्त ऐकू येतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे हे दोन्ही दिशांनी एकाच स्वरावर घडते. थोडक्यात, किक ऐकण्यासाठी त्या खोलीतली सर्वांत वाईट जागा तुम्ही बसायला निवडली आहे.

येत्या रविवारी एवढे करून पाहा. बाकीचे सगळे ट्रॅक बंद ठेवून नुसता किक चालू ठेवा, खुर्चीवरून उठा आणि सावकाश कोपऱ्याकडे चालत जा. कोपरा जवळ येईल तसा ठोका भरत गेला आणि पोटात जाणवू लागला, तर दोष खोलीचा आहे. तसे काहीच झाले नाही, तर तुमचे जुने स्पीकर तेवढे खाली उतरतच नाहीत, आणि मग साधे, लहान मॉनिटर स्पीकर (स्टुडिओत ऐकण्यासाठीचे) घेण्याचा विचार पुढे कधीतरी करता येईल. पण खोली तशीच ठेवून लाखाचे स्पीकर आणले तरी मध्यावर बसून तोच खड्डा ऐकू येणार, तो भरण्यासाठी तुम्ही बेस वाढवत जाणार, आणि तीच रचना दुसऱ्याच्या गाडीत लावली की काचा थरथरणार.

टेबल समोरच्या भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर डोके येईल असे सरकवा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या बरोबर मध्येही बसू नका, थोडे एका अंगाला राहा. मागच्या कोपऱ्यांत जाड कापसाच्या गाद्या उभ्या करा. त्याने सहा मीटरचा तरंग पूर्ण आटोक्यात येत नाही, पण खोलीतला बाकीचा घुमारा बराच कमी होतो. भिंतीला चिकटवायचा दोन इंची फोम आणि अंड्यांचे ट्रे यांवर पैसे घालवू नका, कारण त्यांचा परिणाम वरच्या स्वरांवर होतो आणि किकच्या टापूत ते जवळजवळ निरुपयोगी असतात. खालच्या स्वरांचा शेवटचा निर्णय हेडफोनवरच घ्या. आपल्याला पाठ असलेली, चांगली ध्वनिमुद्रित झालेली एखादी रचना तेवढ्याच आवाजपातळीवर मधूनमधून लावून तुलना करत राहिलात तर कान भरकटत नाही. हेडफोनचा आवाज मात्र बेताचा ठेवा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते, आणि ९० डेसिबलला तीच मर्यादा जेमतेम ४ तासांवर येते. दमलेला कान वरचे स्वर वाढवत नेतो, आणि रात्री साडेबाराला केलेले मिक्स (सगळ्या ट्रॅकच्या पातळ्यांची जुळणी) सकाळी कर्कश वाटते त्यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

सूर चुकल्यासारखे वाटतात ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटली, कारण इथे तुमचा कान बरोबर आहे आणि तुम्ही त्याच्यावरच अविश्वास दाखवता आहात. लॅपटॉपवरचे सिंथ, म्हणजे सॉफ्टवेअरमधले सिंथेसायझर, सप्तकाचे बारा समान भाग करतात. तुम्ही दहा वर्षे तानपुऱ्यापाशी बसलेल्या आहात. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, तो या समान भागांतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यासारखा अखंड षड्ज खाली ठेवून वर सिंथचा शुद्ध गंधार लावला की तुमच्यासारख्या कानाला तो चढा लागणारच. बाजारातले बहुतेक ॲनालॉग सिंथही याच बारा समान घरांत लागलेले येतात, त्यामुळे लाखभर रुपये देऊन तुम्ही तोच चढा गंधार अधिक भरदार आवाजात ऐकाल. सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट मिळतो आणि त्यात स्वरांची स्थाने आपल्याला हवी तशी बदलून घेता येतात; एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या २०२४ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीतही ही सोय आहे. मींड हवी असेल तर पिच बेंडचा (सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाचा) पल्ला बारा अर्धस्वरांपर्यंत वाढवा आणि चाक हाताने फिरवून ती ध्वनिमुद्रित करा. माऊसने रेषा ओढून काढलेल्या मींडेत स्वर पोहोचतो, पण वाटेत कुठे रेंगाळत नाही.

इथेच गुरुजींच्या वाक्याकडे येऊ. ते तुम्ही अपमान म्हणून मनात ठेवले आहे. मला त्यात अर्धा आकस आणि अर्धे अचूक निरीक्षण दिसते. आकसाला उत्तर द्यायचे तर आपल्याकडचाच इतिहास पुरेसा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला, आणि त्यावर काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, ज्यांनी पखवाजाचे रीतसर शिक्षण घेतले होते. पुढे १९८२ मध्ये मुंबईत चरणजीत सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य पाहून जाणकार चकित झाले, कारण ॲसिड हाऊस तिच्यानंतर काही वर्षांनी जन्मले होते. रागसंगीताच्या शिक्षणाचे आणि यंत्राचे वाकडे असते हे खरे नाही. (या उदाहरणावरून नोकरी सोडण्याचा निष्कर्ष मात्र काढू नये. सिंग यांचे पोट चित्रपटसंगीतात वादक म्हणून चालत होते.)

उरलेले अर्धे निरीक्षण ऐकण्यासारखे आहे. संगणकावर माऊसने मांडलेला प्रत्येक ठोका त्याच जोराचा आणि मात्रेच्या काटेकोर जागी येतो. बारा वेळा वाजलेला ‘धा’ बाराही वेळा तोच असेल तर गुरुजींच्या पिढीच्या कानाला तिथे माणूस सापडत नाही, आणि खरे सांगायचे तर तुमच्या-माझ्याही कानाला सापडत नाही, आपण फक्त सवय करून घेतलेली असते. तुमच्याकडे मिडी कीबोर्ड आहे. ठेका बोटांनी वाजवून नोंदवा, ठोक्यांच्या जागा आपोआप सुधारण्याचे बटण सगळ्या रचनेला सरसकट लावू नका, आणि किक जागच्या जागी ठेवून बाकीची वाद्ये किंचित मागे-पुढे राहू द्या. तुमच्याकडे आवाजही आहे, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेले नाही याचे मला आश्चर्य वाटले. दहा वर्षे घासलेला गळा असताना चाळीस रचनांपैकी एकीतही तो नसावा? एक ‘आ’कार मोबाईलवर मुद्रित करून सिंथच्या खाली अगदी बारीक ठेवलात तरी ती रचना दुसऱ्या कोणाची राहणार नाही.

आता तिसरी आणि खरी तक्रार. तुम्ही लिहिता की तुमच्या बहुतेक रचना ‘आठ बारच्या लूपवर’, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यावर, थांबल्या आहेत. १२० च्या लयीत चार मात्रांचे आठ बार म्हणजे ३२ ठोके, म्हणजे १६ सेकंद. सहा वर्षांत तुम्ही सोळा-सोळा सेकंदांचे चाळीस तुकडे केले आहेत आणि प्रत्येक तुकडा, तुमच्याच शब्दांत, ‘शेकडो वेळा ऐकून नकोसा’ झाला आहे. हे कौशल्य कमी असल्याचे किंवा साहित्य हलके असल्याचे लक्षण नाही. घरी एकट्याने काम करण्याची पद्धतच अशी आहे की ती माणसाला इथे आणून सोडते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात चाल एकाची, संयोजन दुसऱ्याचे, वादन तिसऱ्याचे आणि मुद्रण चौथ्याचे असे. शिवाय स्टुडिओ पाळीने घेतलेला असल्यामुळे पाळी संपायच्या आत गाणे संपवावेच लागे. तुम्ही ही चारही माणसे एकाच खुर्चीत, एकाच रात्री बसवली आहेत, आणि त्यांच्यावर वेळेचे बंधन कोणाचेच नाही. चाल सुचते न सुचते तोच तुमच्यातला मुद्रक किकचा आवाज बदलू लागतो, तासाभराने संयोजक दमतो, आणि अकरा वाजता परीक्षक येऊन सगळे रद्द करतो. वर्षभराची रजा मिळाली तर हीच माणसे रात्रीऐवजी दिवसभर भांडतील.

त्यांना वेगवेगळ्या रात्री बोलवा. चाळीसपैकी तीन तुकडे निवडा. सर्वोत्तम निवडण्याच्या फंदात पडू नका, जे अजून थोडेफार सहन होतात ते घ्या. पहिल्या रात्री त्यांतल्या एकाचे सगळे सिंथ ध्वनीच्या रूपात उतरवून घ्या, म्हणजे मूळ सिंथ बंद होतील आणि त्यांची बटणे फिरवण्याचा मार्गच राहणार नाही. दुसऱ्या रात्री तो सोळा सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा पाच मिनिटांपर्यंत पसरा. १२० च्या लयीत ते १५० बार होतात. मग काही नवे घालायचे नाही, फक्त काढायचे. सुरुवातीला काय काय नको, हे ठरवा.

यात तुमचे शिक्षण थेट कामाला येते, आणि लॅपटॉपवर संगीत शिकलेल्या बहुतेकांकडे ते नसते. बडा ख्याल गाताना एका बंदिशीच्या बळावर पाऊण तास कसा उभा राहतो हे तुम्हाला माहीत आहे : आवर्तने तीच असतात, पण गायक गंधाराला हात लावायला किती तरी वेळ घेतो, मग पंचम दिसतो, तार षड्ज राखून ठेवलेला असतो, आणि दरवेळी मुखडा समेवर येऊन पडतो. तुमच्या लूपमध्ये पहिल्या सेकंदाला सगळे स्वर, सगळी वाद्ये आणि सगळा जोर हजर असतो, म्हणून त्याला पुढे जायला जागाच उरत नाही. पहिली दीड मिनिटे बेस खर्जावर ठेवा आणि बाकी काहीही झाले तरी गंधार येऊ देऊ नका. तो आला की ऐकणाऱ्याला काहीतरी घडल्याचे कळेल, त्याला राग ओळखता येवो न येवो. शेवटासाठी आवाज हळूहळू कमी करत नेण्याची पळवाट घेऊ नका. तुम्हाला तिहाई बांधता येते, ती बांधा.

मिक्स आणखी वेगळ्या रात्री करा आणि त्याला दोनच बैठका द्या. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळ्या रचनांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आणली जाते, त्यामुळे आपली रचना इतरांपेक्षा मोठी वाजावी म्हणून ती दाबून दाबून चपटी करण्यात काही हशील नाही.

यजमानांचा प्रश्न टोमणा असेलही, पण मी तो आमंत्रण म्हणून घेतला असता. तुमच्या एकटेपणात माझ्या मते एकच उणीव खरी आहे, ती ऐकणाऱ्याची. महिन्याचा शेवटचा रविवार ठरवा आणि त्या दिवशी रचना ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत यजमानांना ऐकवा. ‘हे अजून व्हायचे आहे’, ‘इथला बेस बदलणार आहे’ अशी प्रस्तावना करू नका. ऐकून झाल्यावर ‘कसे वाटले’ हेही विचारू नका, कारण घरातला माणूस ‘छान’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. विचारायचे ते एवढेच : लक्ष कुठे उडाले? त्याहून बरे म्हणजे तुम्ही समोर बसून पाहा. दोन मिनिटे चाळीस सेकंदांना त्यांचा हात मोबाईलकडे गेला, तर तेवढा आकडा वहीत टिपून ठेवा. संगीताचे काहीही शिक्षण नसलेला माणूस यापेक्षा नेमकी सूचना देऊ शकणार नाही. शक्य असेल तर तुमच्यासारखेच घरी काम करणारे आणखी कोणी गाठा आणि दर महिन्याला एकमेकांच्या रचना बदलून ऐका.

ज्यांच्याकडे अजून काहीच साहित्य नाही आणि जे अशीच यादी करून बसले आहेत, अशा वाचकांनाही माझे सांगणे वेगळे नाही. चालता लॅपटॉप, बरे वायरचे हेडफोन, रीपरसारखे स्वस्त परवान्याचे सॉफ्टवेअर आणि सर्ज एक्सटी किंवा वायटल यांपैकी एक फुकट सिंथ एवढ्यावर सहा महिने काढा. एकच सिंथ पूर्ण ओळखीचा होणे हे वीस अर्धवट ओळखीचे असण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते.

रचना पूर्ण झाल्यावरचे थोडे व्यवहाराचे. टोपणनावाने प्रसिद्ध करायला हरकत नाही, मात्र संगीतकाराचे मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नोंदणी केलीत तर तिथे खरे नाव द्यावे लागेल. बाहेरच्या उत्पन्नाबद्दल तुमच्या बँकेचे सेवानियम काय म्हणतात ते आधीच लेखी विचारून घ्या. उत्पन्नाची फार आशा ठेवू नका : स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या रचनेला काहीच मिळत नाही. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर ऐकणारा थेट विकत घेतो आणि संकेतस्थळ सुरुवातीला १५ टक्के कापून घेते. थोड्या पण आवडीने ऐकणाऱ्या लोकांसाठी मला ती जागा अधिक बरी वाटते.

तुमच्या एका रचनेत जुन्या भावगीताचा तुकडा आहे, तो मात्र काढून टाका किंवा परवानगी मिळवा. तुकडा किती सेकंदांचा आहे यावर सूट मिळते ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. त्यात दोन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरचा २०२० अखेर संपला. पण चाल आणि शब्द यांवरचा हक्क संगीतकार आणि गीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि तो बहुधा अजून जिवंत असतो.

रजेबद्दल शेवटी. वर्षाची नको, पंधरा दिवसांची हक्काची रजा काढा, आणि तीही पहिली रचना पूर्ण झाल्यावर. मुलगी शाळेत असेल तेव्हा दिवसा स्पीकरवर काम करा. नियमाने रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलवर येते, त्यामुळे ते काम तुमच्या नेहमीच्या वेळेत करता येणारच नव्हते. त्या पंधरा दिवसांत दुसरी आणि तिसरी रचना कुठवर जाते ते पाहा. तिन्ही झाल्यावरही एखादा ठरावीक आवाज तुमच्या सिंथमधून निघत नाही असे नेमके सांगता आले, तर तो आवाज देणारे एकच यंत्र जुन्या बाजारात शोधा, आणि ते बचतीतून घ्या.